आलिसोचा कोळसा

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच जीव मुठीत धरून बसायला नको. माझ्या भावाला राजाच्या फौजेने गोळ्या घातल्या. त्याला वाचवायची युक्ती मी काढली होती. युक्ती चांगली होती. लागूही पडली होती. भर न्यायसभेत, सगळ्यांदेखत, दादाने स्वतःच्या हाताने ती मोडली.

त्या गोष्टीचा राग माझ्या मनात फार दिवस राहिला. अजून थोडा आहे.


वर्णन, तो झाडांचं करायचा तसं

कुस्तोदियो आयार्सा. आढळ: सांता फे शहर, ओढ्याकाठची आळी, एरवी वरच्या माळांवर, जिथे धुकं विरतच नाही. उंची मध्यम. खोड बारीक, डावीकडे कललेलं, कारण लहानपणी खेचराने पाडलं. बोटं लांब, टोकांशी कायम डागाळलेली. केस विरळ, कानांवर मात्र दाट लव. वास कापराचा, पुढे पुढे गंधकाचा. आवाज बारीक, पण शिकवायला उभा राहिला की खणखणीत. लग्न नाही. काटे आहेत, लगेच दिसत नाहीत.

उपयोग: आधी राजाला. नंतर आम्हाला.


कुत्री

शहरात स्पेनच्या राजाच्या खर्चाने एक घर चालायचं. लोक त्याला झाडांचं घर म्हणत. डोंगरातून झाडं यायची, कागदांत दाबून वाळायची, चित्रकार ती रंगवायचे, आणि चित्रं पेट्या भरभरून समुद्रापार माद्रिदला जायची. झाडं ओळखणं, नावं देणं, चित्रकारांना शिकवणं हे दादाचं काम. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मी रंग वाटायचे, आणि हात कमी पडले की फुलं रंगवायचे. पगार चित्रकारांना. मी बहीण.

घराचा नियम एकच होता: पाहिलं नाही ते काढायचं नाही. एकदा चित्राचा एक कोपरा रिकामा रिकामा दिसत होता म्हणून मी तिथे एक कळी घातली. सुंदर आली होती. दादाने कागद खिडकीपाशी नेला.

"रुफे, ही कळी कुठे होती?"

"त्या फांदीला आली असती की."

"आली असती," तो म्हणाला, आणि कागद उभा फाडला.

मग एक वर्षी माद्रिदहून तपासनीस आला. आमच्याच घरचा बटाट्याचा रस्सा ओरपत तो म्हणाला, युरोपातल्या विद्वानांनी सिद्ध केलंय, या खंडाची हवाच नासकी. इथे जनावरं खुजी निपजतात, कुत्री भुंकायचं विसरतात, आणि माणसं लवकर पिकून लवकर सडतात.

"कुत्रीसुद्धा?" दादाने विचारलं.

"कुत्रीसुद्धा."

"तुम्ही स्वतः ऐकलंत? म्हणजे, न भुंकणं?"

"ग्रंथात आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस जेवून आडवा झाला, तेव्हा दादा खाटकांच्या आळीतली कुत्री दोऱ्यांना बांधून घेऊन आला. थोराड, मरतुकडी, एक तर तीन पायांचं. काखेत आतड्यांची टोपली. खिडकीखाली उभं राहून तो एकेक तुकडा उंच धरायचा आणि थांबायचा. मग जे काही झालं त्याने देवळातल्या घंटा ऐकू येईनात. सगळी आळी गोळा झाली. तपासनीस उघड्या डोक्याने सज्जात आला तसा दादा खालून ओरडला, "साहेब, खुजी आहेत हे लिहून घेतलं! आवाजाचं काय लिहू?"

लोक विचारतात, एवढा पानाफुलांचा माणूस बंडात शिरला कधी. कोणी म्हणतं, राजाच्या व्हाइसरॉयला हाकलला तेव्हा. कोणी म्हणतं, नवा झेंडा चढला तेव्हा. मी म्हणते, कुत्र्यांच्या दिवशी.


धूर

व्हाइसरॉय गेला. गणराज्य आलं. भाषणं वकिलांनी केली, आणि पुष्कळ केली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की तोफा आहेत, बंदुका आहेत, पण बारूद नाही. ती आजवर स्पेनहून यायची. तेव्हा ते वकील झाडांच्या घरी आले आणि दादासमोर टोप्या काढून उभे राहिले.

दादाने हे कामही झाडांच्याच पद्धतीने हाती घेतलं. सोरा कुठल्या गुहांच्या मातीत सापडतो ते त्याला ठाऊक होतं. झाडं शोधताना पाहिलं होतं. गंधकाचे झरेही पाहिले होते. अडलं कोळशाशी. सोरा ताकद देतो, गंधक घाई देतो, पण जीव कोळशाचा, असं तो म्हणायचा. तेव्हा डोंगरात जे जे झाड उगवतं त्याचा त्याचा कोळसा करून पाहायचं ठरलं. ओक, अक्रोड, वाळुंज, पेरू. मागचं अंगण सारखं धुमसत असायचं. शेजारणी धुणं वाळत घालायला दुसऱ्या गल्लीत जाऊ लागल्या.

आमच्या कोपऱ्यावर पेत्रोना बसायची. मक्याची आंबवलेली चिचा विकायची, आणि तोंड असं की चिचा न पिताच माणूस झिंगावा.

"मास्तर, आयुष्यभर झाडं रंगवलीत आणि आता जाळताय. काय पाप केलंय हो त्यांनी?"

"ओळख वाढवतोय, पेत्रोनाबाई."

"माझ्याशी नका वाढवू असली ओळख."

"तुमचं भय नाही. तुमच्यात चिचा मुरलीय. तुम्ही पेटणार नाही."

शेवटी जिंकला तो आलिसो. ओढ्याकाठी आपोआप उगवणारं झाड. लाकूड हलकं, फालतू. चुलीलाही कोणी लावत नाही. पण त्याचा कोळसा चिमटीत धरला की रेशमासारखा चुरायचा. दादाने त्या कोळशाची पहिली चिमूट पेटवली आणि मला म्हणाला, "बघ. उजेड आधी, आवाज नंतर. असं पाहिजे."

मग राजाने शहर परत घ्यायला फौज धाडली. पेत्रोनाचा धाकटा, तिबुर्सियो, तिच्याशी लढायला निघाला तेव्हा दादाने काडतुसांची पिशवी स्वतः त्याच्या खांद्याला अडकवली. पेत्रोनाच्याच दारात. "जगात याहून चांगली कोणाकडे नाही," असं म्हणून. तो आणि आळीतली आणखी पुष्कळ पोरं पेन्या नेग्राच्या खिंडीत उभी राहिली, आणि तिथेच राहिली. प्रेतं आली नाहीत. बातमी आली ती एवढीच, की पोरांच्या गोळीबारापुढे राजाची फौज दिवसभर खिंडीच्या तोंडाशी अडून होती. खिंड पडली, पण महाग पडली.

आळीतल्या आयांकडे एवढंच होतं.


आता मी येते

राजाची फौज शहरात शिरली. दादाला पकडून महाविद्यालयाच्या इमारतीत ठेवलं. तिचा तुरुंग केला होता. झाडांच्या घराचं कोठार झालं. जप्त केलेला माल खालच्या दालनात, चित्रं वरच्या. चित्रं माद्रिदला पाठवायची होती, आणि कुठलं चित्र कुठल्या वाळल्या झाडाचं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मला ठेवली. मी पेट्या भरायचे.

तिथे लेफ्टनंट इरिओन्दो आला. फौजी न्यायसभेपुढे प्रत्येक आरोपीला एक अधिकारी वकील म्हणून मिळे. दादाला हा मिळाला होता. तरुण, थकलेला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"बाई, मला तुमच्या भावाचा बचाव करायचाय आणि माझ्या हातात काही नाही. बारूद केली का? केली. कबूल करतो का? छाती फुगवून. वेडा आहे म्हणू?"

"ते ऐकून तो वेड्यासारखा चिडेल."

"चिडू दे, पुरावाच होईल. काहीही द्या मला. घाबरला होता. फसवला गेला. एखाद्या बंडखोर बाईच्या नादी लागला..."

"दादा? बाईच्या?" मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले होते. इरिओन्दोही हसला, आणि हसून झाल्यावर गोष्ट होती तिथेच होती.

माझ्या हातात खल होता. खलात हाडांचा काळा होता. हाडं बंद भांड्यात जाळून हा रंग करतात. दिव्याची काजळी हलकी. ती उडते, तरंगते, कोणाच्याही नजरेस येते. हाडांचा काळा जड, गुळगुळीत, आणि पेटायला मठ्ठ.

"बारूद वाईट असली तर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"मुद्दाम वाईट केलेली. राजाशी इमान म्हणून. बंडखोरांनी मानेवर सुरी ठेवून करून घेतली, आणि त्याने आतून नासवली."

त्याने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "सिद्ध करता येईल?"

"जप्त केलेलं पिंप खालीच आहे. सभेत आणा आणि पेटवून बघा."

तो जायला उठला. दारात थांबला. "आत्ता पेटवलं तर चालेल?"

"आज नको," मी म्हणाले. "उद्या."

त्याने पुढे काही विचारलं नाही. चांगला मुलगा होता.

पहारेकरी स्पेनमधल्या गालिसियाचा होता, दाढेने बेजार. मी त्याला दाढेत धरायला लवंग दिली आणि वर प्यायला चिचा. चिचा पेत्रोनाकडूनच आणली होती. तो भिंतीला टेकून घोरू लागला तशी मी खलातला काळा पिंपात ओतला आणि कोपरापर्यंत हात घातले. खालची वर, वरची खाली, पीठ कालवतात तशी. दादाच्या बारुदीचा दाणा इतका एकसारखा होता की मला वाईट वाटलं. मी पुन्हा एकदा नसलेली कळी काढत होते, आणि या वेळी कागद फाडायला तो जवळ नव्हता.


साक्ष

सभा महाविद्यालयाच्या अंगणात भरली. शहराने बघावं म्हणून लोकांना आत सोडलं होतं. आमची आळी सगळी आली होती, बाया पुढे. अध्यक्ष कर्नल बासाबे, तोफखान्याचा. त्याला आपल्या नाकाचा गर्व होता. वासावरून बारूद कुठल्या कारखान्याची ते सांगतो, असं त्याचे शिपाई सांगत. त्याच्या मागे दोन अधिकारी, लेखनिक, आणि खांबाशी साखळीत दादा. वाळला होता, पण दाढी केली होती.

"तुमचा भाऊ राजाशी इमानी होता असं तुमचं म्हणणं?" कर्नलने मला विचारलं.

"हो."

"मग बारूद का केली?"

"जिवाच्या भीतीने. पण तिच्यात तो माझ्या खलातला हाडांचा काळा मिसळायचा. मी वाटून द्यायचे."

"तुम्हाला कारण माहीत होतं?"

"त्याने सांगितलं होतं. म्हणाला, राजाची बाग मी जाळणार नाही."

हे वाक्य माझं मला फार आवडलं होतं. बोलताना मी दादाकडे पाहिलं नाही.

पिंप आणलं. फरशीवर ढीग ओतला, शिपायाने पेटती वात लांबून टेकवली. मांजर शिंकल्यासारखा आवाज झाला. ढिगाच्या कडेने एक पिवळी रेघ सरकली, दमली, विझली. वर थोडा घाण धूर. स्पॅनिश अधिकारी हसले. कर्नलने चिमूट उचलून बोटांत चोळली, हुंगली, मान डोलावली.

इरिओन्दो उभा राहिला, आणि मुलगा खरंच छान बोलला. "साहेब, बंडखोरांना पेन्या नेग्राला ही बारूद मिळाली होती. आमची किती माणसं या गृहस्थामुळे वाचली, याचा विचार व्हावा."

कर्नलने दादाकडे पाहिलं ते आता निराळ्या नजरेने. एखादं झाड आपल्याच बागेतलं निघावं तसं. "म्हणजे तुम्ही आमचेच की!"

संपलं होतं. दादाने फक्त गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून आवाज आला. मोठा नाही. पेत्रोनाला हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या तिबुर्सियोने चाप ओढला... आणि हे असं झालं?"

ती दादाकडे वळली.

"मास्तर. तुम्ही माझ्या दारात उभं राहून दिलीत. त्याच्या खांद्याला अडकवलीत. म्हणालात, याहून चांगली नाही. मी त्या दिवशी तुम्हाला फुकट पाजली हो मास्तर."

तिच्या शेजारच्या बाईने तोंडावर शाल घेतली. मागे कोणीतरी थुंकलं. शिपायाने पेत्रोनाला बंदुकीच्या आडव्या दांड्याने मागे रेटली. ती सरकली, पण तिची नजर सरकली नाही. मीही दादाकडे पाहत होते. डोळ्यांनी ओरडत होते: गप्प बस. एकदा. आयुष्यात एकदा गप्प बस.

"कर्नलसाहेब," दादा म्हणाला, "ही माझी बारूद नाही."

इरिओन्दो पुढे धावला. "आरोपी थकलेला आहे—"

"आरोपी ठणठणीत आहे. साहेब, हिच्यात हाडांचा काळा आहे हे खरं. पण तो मी घातलेला नाही, आणि पेन्या नेग्राला गेलेल्या एकाही काडतुसात नव्हता. माझी बहीण खोटं बोलतेय. तिला नसलेल्या कळ्या काढायची खोड आहे, लहानपणापासून. मनावर घेऊ नका." मग त्याने आवाज चढवला, आणि तो कर्नलशी बोलत नव्हता. "ज्या पोरांना मी बारूद दिली त्यांची प्रत्येक गोळी सुटली आहे. प्रत्येक."

"शाबीत करता येईल?" कर्नल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"तुमच्यासमोर करतो. तुमच्या राजाच्या कारखान्यातल्या बारुदीपेक्षा सरस."

"अशक्य."

"तोफखान्याचे ना तुम्ही? मग भीती कसली? साहित्य मागवा."

कर्नलला नाक होतं, आणि नाकाला मान होता. त्याने साहित्य मागवलं. इरिओन्दो पायरीवर बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.


पाठ

खल लाकडी घ्या, दगडी नको, धातूचा तर नकोच. ठिणगी पाहुणी म्हणून येते आणि घर नेते.

सोरा धुतलेला हवा. खारट आणि जिभेला थंड लागला तर चांगला, कडू लागला तर पुन्हा धुवा. आणखी एकदा धुवायचा कंटाळा करू नका.

कोळसा आलिसोचा. दुसरा नाही. साल काढलेली, अंगठ्याएवढी कांडी, झाकलेल्या मडक्यात जाळलेली. ओढ्याकाठी फुकट मिळतो.

माप? घरात मका मोजायला जे भांडं असेल ते चालेल.

(माप त्याने सांगितलं. मी इथे सांगणार नाही. ज्यांनी ऐकायचं त्यांनी तेव्हा ऐकलं.)

वेगवेगळं वाटा, मग एकत्र करा. एकत्र केल्यावर हळू. फार हळू. खरं तर ओली करून मळायची असते, भाकरीच्या पिठासारखी, आणि चाळणीतून पाडून सावलीत वाळवायची. इथे साहेबांना घाई आहे म्हणून कोरडीच दाखवतो. तरी बघा.

हे सगळं त्याने त्याच्या शिकवायच्या आवाजात सांगितलं, खणखणीत, एकेक गोष्ट हातात उंच धरून. साखळी वाजत होती. लेखनिकाला वाटलं आपल्यासाठी चाललंय. त्याने दोनदा "पुढे चला" म्हटलं. कर्नल वाकून पाहत होता. मीही पाहत होते आणि मला काही कळत नव्हतं, कारण रागाने माझे कान बंद झाले होते. वरचे शब्द मी मागाहून जुळवले.

त्याने फरशीवर नखाएवढी चिमूट ठेवली आणि वात टेकवली.

उजेड आधी आला. पांढरा. मग आवाज. महाविद्यालयाच्या कौलांवरची सगळी कबुतरं उडाली आणि कर्नलच्या जळक्या भुवयांचा वास सुटला.

"पेटली," पेत्रोना म्हणाली. मग ओरडली. "पेटली होती! माझ्या पोराची पेटली होती!" आणि तो ओरडा एका बाईकडून दुसरीकडे गेला, नावं घेत, एकेकीच्या पोराचं नाव, खिंडीत राहिलेल्या सगळ्यांची. शिपायांना अंगण रिकामं करायला दांडे चालवावे लागले. पेत्रोनाने एकाच्या हाताला चावा घेतला.


निकाल

कुस्तोदियो आयार्सा: मृत्यू.

त्याची बहीण रुफीना, खोटी साक्ष: हद्दपार. डोंगरापलीकडच्या गावी, तिथल्या पाद्र्याच्या देखरेखीखाली.

चिचावाली पेत्रोना, दंगा आणि चावा: हद्दपार. तेच गाव.


गजांतून

"मूर्ख आहेस."

"आहे."

"मी तुला घरी आणलं असतं, दादा."

"कोणाला आणलं असतंस? त्या पोरांच्या मारेकऱ्याला? त्याला जेवायला वाढलं असतंस?"

"वाढलं असतं! रोज वाढलं असतं! आळीने तोंड फिरवलं असतं तर दुसऱ्या आळीत राहिलो असतो."

"रुफे, पेत्रोनाकडे ती खिंड सोडून काही उरलेलं नाही."

"आणि माझ्याकडे?"

तो गप्प बसला. तेव्हा नाही, आत्ता गप्प बसला. मग म्हणाला, "मिसळण मात्र झकास केली होतीस. डोळ्यांना कळली नसती. माझ्या नाकाला कळली."

"माझं कौतुक करू नकोस."

"बरं."

"भीती वाटते?"

"वाटते. त्यांना सांगू नकोस." मग गजांना तोंड लावून, हळू: "मागच्या रांगेला ऐकू गेलं असेल का ग?"

"काय?"

"मी सांगितलं ते. धुवायचं, मळायचं. माझा आवाज बसला होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. कर्नल, लेखनिक, लेफ्टनंट, मी. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं माणूस आपली अब्रू सोडवतोय. सोडवत होताच. पण राजाच्या अंगणात, राजाच्या शिपायांच्या पहाऱ्यात, त्याने वर्ग भरवला होता.

"पुढच्या रांगेला गेलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.


खेचरवाला

राजद्रोह्याला स्टुलावर बसवून पाठीत गोळ्या घालायची त्यांची रीत. आम्ही तेव्हा घाटात होतो. मागून आलेल्या खेचरवाल्याने सांगितलं. म्हणाला, तुमच्या भावाने स्टूल फिरवलं. त्यांनी पुन्हा पाठमोरा बसवला. त्याने पुन्हा फिरवलं. शेवटी बांधला.

पेत्रोनाने खेचरवाल्याला आपल्या वाटची भाकरी दिली. माझ्याशी मात्र ती वाटभर बोलली नाही.


पलीकडचं गाव

पाद्र्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी. ती चूल सांभाळायची, मी दळायचे. बोलणं फक्त "मीठ" आणि "सरक" एवढंच. खाली मैदानात गणराज्याची आपली माणसं अजून राजाच्या फौजेशी घोड्यांवरून लढत होती. गावातून कधीमधी कोणी तिकडे जायचं, आणि जाताना विचारायचं, काही पाठवायचंय का. आमच्याकडे पाठवायला काही नव्हतं.

एका सकाळी पेत्रोनाने माझ्यासमोर काटक्यांचा भारा आपटला.

"हे काय?"

"डोळे फुटले? चित्रकारीण ना तू? आलिसो आहे. ओढ्यावर जंगल माजलंय."

"मग?"

"मग काय मग! मास्तरांनी सांगितलं ते मला अर्धंच ऐकू आलं. एका मुडद्या शिपायाचं टोपडं मध्ये होतं. ज्याला चावले त्याचंच. उरलेलं तू सांग."

"मी ऐकलं नाही. मी चिडले होते."

"अगं बाई! सगळी सांता फे ऐकत होती आणि बहीण रुसली होती! घरी करताना बघितलंस ना? हात आठवतात का त्याचे?"

हात आठवत होते.

सोरा जुन्या तबेल्याच्या भिंतींवर फुलला होता, आम्ही खरवडला. गंधकासाठी पेत्रोनाने गावभर करून टाकलं की पाद्रीबाबांना खरूज झालीय. लोकांनी अंगाला लावायला म्हणून दयेने आणून दिला. पाद्रीबाबांशी कोणी हात मिळवेना. बिचाऱ्यांना कारण कळलं नाही.

पहिली खेप फुसकी निघाली.

"वा," पेत्रोना म्हणाली. "हे तर तुला आधीपासूनच येतं."

"सोरा नीट धुतला नाहीस तू."

"मी? जन्मभर मका धुतलाय मी!"

"कडू लागतोय. चाटून बघ."

तिने चाटला. तोंड वाकडं केलं. घागर उचलली आणि ओढ्यावर गेली. पुन्हा धुतला, पुन्हा वाटली, मळली, तिच्या पिठाच्या चाळणीतून पाडली, गोठ्याच्या सावलीत सुकवली. तिच्या अर्ध्यात माझं अर्धं बसत होतं, कधी बसत नव्हतं, आणि मग आम्ही भांडायचो. आता मीठ आणि सरक सोडून पुष्कळ शब्द होते. त्यातले बरेचसे पाद्रीबाबांनी ऐकण्यासारखे नव्हते.

मागच्या दगडावर तिने नखाएवढी चिमूट ठेवली. चुलीतली पेटती काटकी माझ्या हातात दिली.

"तू लाव. माझ्या पोराची पेटली होती, मला माहीत आहे. तुझं तू बघ."

मी लावली.

पांढरा उजेड. आधी तो. कोंबड्या ओरडत पांगल्या. मी तिथेच खाली बसले, गुडघ्यांत डोकं घातलं, आणि इतके दिवस जे आलं नव्हतं ते एकदम आलं, आवाज करून, नाकातोंडातून.

पेत्रोनाने माझ्या पुढ्यातली परात ओढून घेतली.

"रडायचं तर तिकडे अंगणात जाऊन रड," ती म्हणाली. "माल ओला होईल. पोरं संध्याकाळी न्यायला येतायत."